सवितानं लिहिलेलं भाषण

लोधीपुरा, बऱ्हाणपूर
२० जानेवारी २०२६

प्रिय सविता,

अकोल्यात सगळे बरे असाल. इथे यंदा थंडीनं केळीची पानं पिवळी पडली. शाहपूरचे दीर रोज फोन करून तेच सांगतात. माझी शाळा चालू आहे. गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक.

तुझा नंबर मिळालाय. पण फोनवर मी तुझी वाक्यं पुरी करत सुटेन, म्हणून पत्र.

दिवाळीनंतर शाळेत नाटकाचं शिबिर झालं. तिथल्या सरांनी एक जपानी शब्द सांगितला, कुरोको. तिकडच्या काबुकी नाटकात डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे घातलेली माणसं रंगमंचावर वावरतात. नटाच्या हाती पंखा देतात, तलवार देतात. ती सगळ्यांना दिसतात, पण ती नाहीतच असं प्रेक्षक मानतात. शब्द मला फार कामाचा वाटला. मागून ओळ पुरवणारीला, पडदा धरणारीला मी कुरोको म्हणू लागले. एकदा मोठ्या कौतुकानं मुलींना सांगितलं, "कॉलेजात माझीही एक कुरोको होती."

"मॅडम, उनका नाम?" एकीनं विचारलं.

मी विषय बदलला.

खंडव्याची वादविवाद स्पर्धा. यंत्र माणसाचा शत्रू आहे, हा विषय, आपण विरोधात. "सामने के मित्र बार-बार घड़ी देख रहे हैं, मतलब यंत्र पर भरोसा उन्हें भी है." तू लिहून दिलेल्या या वाक्यावर सभागृह हसत सुटलं आणि ढाल मला मिळाली.

मग तो सोमवार. शंकरकाका नेपानगरहून कारखान्याच्या कपड्यांतच आले होते, कॉलेजातून तुझं नाव काढायला. माझी पोरगी बोलताना अटकते, शिकून काय करेल, म्हणत होते. प्राचार्यांनी आपल्या दोघींना बोलावलं. "सुना है भाषण सविता लिखती है. सच है?"

तू म्हणालीस, "म... मैं..."

आणि मी म्हटलं, "मैं ही लिखती हूँ, सर. सविता सिर्फ याद करवाती है."

तू माझ्याकडे पाहिलंस. कॉलेजातून तुझं नाव निघालं, मे महिन्यात तुझं लग्न झालं. परीक्षा आहे असं कळवून मी आले नाही. परीक्षा एप्रिलातच संपली होती.

कुरोको आपणहून काळे कपडे घालतात, सविता. तुझ्यावर ते मी चढवले.

रविवारी नेपानगरला गेले. काका मुलाकडे, दीपककडेच आहेत, आता फारसे उठत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते चादरीची कड मुडपत राहिले.

"सवी त्याच दिवशी बोलली होती मला," ते म्हणाले. "मी मानलं नाही. म्हटलं, ती पोरगी फाडफाड बोलली, तू अटकते. झूठ बोलणारा अटकतो."

मी तुझं फक्त श्रेय घेतलं, असंच मला वाटत आलं होतं. तुझ्याच घरात तू खोटी ठरलीस, हे बत्तीस वर्षांत मला माहीतच नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तू लिहिणार आहे ना तिला? मग माझं पण लिही." त्यांचे शब्द आहेत तसे देते:

"सवे, तू खरं बोलत होती. बापानं ऐकलं नाही."

पुढे त्यांना बोलवेना. माझ्या मनानं काही जोडलेलं नाही.

तुला मला भेटावंसं वाटणार नाही, ते मी समजू शकते. पण त्यांना भेटून जा, लवकर. तू येशील त्या दिवशी मी नेपानगरला फिरकणार नाही.

तुझी मैत्रीण असं लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच,
प्रतिभा