समोरासमोरची बाकं

प्रिय शंकेखोर,

फरशीवरून बाक ओढल्याचा तो आवाज तुला आठवतो का? कर्रर्र करत जाणारा, दात आंबवणारा. गुरुजींनी पुस्तक मिटलं की दोन बाकं समोरासमोर यायची. एका मुलाने एका पुस्तकातला माणूस व्हायचं, दुसऱ्याने भलत्याच पुस्तकातला, आणि दोघांनी भांडायचं. हजार वर्षांत ज्यांची गाठ पडली नसती अशी माणसं आपल्या त्या गळक्या खोलीत एकमेकांच्या उरावर बसायची. तुमची इयत्ता खालची, पण खोली एकच, त्यामुळे तू खिडकीपाशी बसून सगळं फुकटात ऐकायचीस आणि मध्येच शंका काढायचीस. आज दुपारपासून तो आवाज माझ्या कानातून जात नाही.

फोन का केला नाहीस म्हणून चिडशील. तुझ्या दादाने माझ्याकडून वचन घेतलंय, तुला फोन करायचा नाही. पत्राबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. चाळीत पलीकडच्या खोलीत राहणारी नर्स ड्युटीवरून आली की याचे फोटो काढून तुला पाठवेल. म्हातारपणी माणूस वचनातल्या फटी शोधायला लागतो बघ.

सरळच सांगतो. दादाने डायलिसिस बंद केलंय. मागच्या दोन्ही पाळ्या चुकवल्या. उद्या सकाळी पुन्हा पाळी आहे, तिलाही जाणार नाही म्हणतो. पाय सुजलेत, दोन वाक्यं बोलला की धाप लागते. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की उद्याचीही चुकली तर छातीत पाणी भरेल, मग आमच्या हातात फारसं उरणार नाही. आणि हा गृहस्थ मजेत आहे! रडत-कुढत असता तर मी समजूत घातली असती. पण तो मुद्द्यावर अडलाय, आणि मुद्द्यावर अडलेल्या तुझ्या दादाला हलवणं म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको.

मुद्दा तोच, जुना. धड्यातला, खांबांच्या शहरातला तो तत्त्वज्ञ आठवतो ना? जगणं ही मेजवानी आहे, आणि शहाण्या पाहुण्याने यजमानाच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसायच्या आत उठावं, असं म्हणणारा. मिसरूड फुटायच्या आधीपासून दादा त्या बाकावर तोच पाहुणा होऊन बसायचा. पुढे जन्मभर कॉलेजात त्यालाच शिकवत राहिला. आणि मी समोर, कथाकाव्यातला पहारेकरी. राजा गेला, सैन्य गेलं, तरी वेशीवर रोज दिवा लावणारा. ते काव्य मला सबंध पाठ होतं, एवढंच माझं क्वालिफिकेशन. म्हणून तर वर्गाने माझं नाव पोपट ठेवलं. नंतर गोदामाच्या वजनकाट्यावरही मी तेच पुटपुटत बसायचो आणि हमाल म्हणायचे, ‘साहेब, आकडा सांगा, गाणं नको.’

दादाची खोली आमच्याच व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. गेले काही दिवस रोज दुपारी मी त्याच्याकडे पुस्तकातला एकेक माणूस घेऊन जातोय. पहिल्या दिवशी अर्थात पहारेकरी नेला. दादा म्हणाला, ‘पोपटराव, तुमचा पहारेकरी निष्ठावान नव्हता. लढाई संपल्याचं त्याला कोणी कळवलं नव्हतं. मला डॉक्टरांनी कळवलंय.’ दुसऱ्या दिवशी एक बंडखोर कवी नेला. त्याला तर त्याने बसूही दिलं नाही. काल नावाडी नेला. नदीला माझी गरज नाही, पण काठावर कोणीतरी उभं असतं, म्हणून मी होडी सोडत नाही, असं सांगणारा म्हातारा. मला वाटलं, आता अडकला. त्याने डोळे मिटले. मग म्हणाला, ‘काठावर कोण आहे रे? तूच ना? तुला पोहता येतं.’

मला पोहता येत नाही. त्याला ते माहीत आहे. शाळेजवळच्या कालव्यातून त्यानेच मला केसांना धरून बाहेर काढलं होतं. पण मुद्द्याच्या भरात विसरला, आणि मी आठवण न देता त्याची उशी सारखी करून परतलो.

आज दुपारी मी रिकाम्या हाताने गेलो. डोक्यात एकही माणूस शिल्लक नव्हता. तो उशीला टेकून वाट बघत होता. डोळ्यांत अगदी ती वर्गातली चमक. ‘आज कोणाला आणलंस?’ मी म्हणालो, ‘कोणाला नाही. जिंकलास तू. मी थकलो.’ आणि निघून आलो. दार ओढताना त्याचा चेहरा पाहिला. जिंकलेल्या माणसाचा नव्हता तो. तेव्हापासून जिवाला चैन नाही. माझ्या तोंडावर त्याला नेमकं काय दिसलं असेल?

आता पत्र का लिहिलं ते ऐक. सगळ्या वर्गात दादाला एकदाच गप्प बसवलं गेलं, आणि ते तू बसवलंस. खिडकीतून, वेणीचं टोक चावत विचारलंस, ‘पण त्या यजमानाला कोणी विचारलं का?’ गुरुजी डस्टर ठेवून पोट धरून हसले. दादा दोन दिवस तुझ्याशी बोलला नाही. हा प्रश्न मला रोज आठवत होता, तरी मी तो विचारला नाही. विचारला असता तर यजमान म्हणून उत्तरही मलाच द्यावं लागलं असतं, आणि तेही कुठल्या पुस्तकातल्या माणसाच्या आडून नाही. ते मला कधी जमलं? तुलाही एक गोष्ट सांगायची होती, ती मी दुसऱ्याच्या कवितेतून म्हणून दाखवली. तू म्हणालीस, चाल छान आहे. असो. तर हे वाचशील त्या क्षणी त्याला फोन कर. मी वचन मोडलं म्हणून तो माझ्यावर ओरडेल, ओरडू दे. तू फक्त तो प्रश्न विचार.

थांब. बाहेर काहीतरी वाजतंय.

तोच आवाज गं. कर्रर्र. मग थांबतो. धाप ऐकू येते. पुन्हा कर्रर्र. आधी वाटलं, माझ्या कानातलंच वाजतंय. दार उघडलं तर दादा. व्हरांडाभर खुर्ची ओढत, चार पावलं चालून बसत, पुन्हा उठत आलाय. उंबऱ्याशीच खुर्ची टेकवून बसला. धाप जरा ओसरू दिली. मग म्हणाला, ‘दुपारी तुझं तोंड बघितलं. खरं सांग पोपट्या, कंटाळलास?’

मी अजून उत्तर दिलेलं नाही. कविता एकही आठवत नाही. त्याला हाताने थांब म्हटलं आणि एवढ्या ओळी लिहायला आत आलो, कारण तो आला हे पहिल्यांदा तुलाच सांगायचं होतं. आता जातो. आधी त्याची खुर्ची आत घेतो, माझी तिच्यासमोर ओढतो.

तुझाच,
पोपट