सवतीला पुल्लिंगी शब्द

प्रिय माधुरी,

पाकीट बघून घाबरशील म्हणून आधीच सांगतो, मी ठणठणीत आहे. फोन असताना पत्र कशाला, तेही सांगतो, पण शेवटी. त्याआधी मला भांडायचं आहे, आणि फोनवर भांडायला लागलो की तू वैष्णवीला पुढे करतेस. पोरीशी काय भांडणार?

गेल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत, जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर तुझा आवाज आला होता. पाठवायचा होता शेजारच्या प्रियांकाला, आला मला. "तो आता बरा हाय गो. अंगावरचं सगळं काढलं त्याच्या. सकाळी गेले तं कसा चकचकीत दिसत होता. त्याला सोडून घरी यावंसंच वाटत नाय." इथे चाकणला मशीनवर उभ्या असलेल्या नवऱ्याने हे ऐकून काय समजायचं? डबा तसाच राहिला. आईला फोन लावला तर ती खळ्यावर घाईत होती. म्हणाली, त्याच्याकडंच असते रे ती दिसभर, आणि ठेवून दिला. मग मी मनातल्या मनात गावातला एकेक पुरुष तपासला आणि किशोरवर येऊन थांबलो. होडी त्याची, आणि तो बायकांना होडीतून नेतो हे तूच सांगितलं होतंस. दोन दिवस मी त्या बिचाऱ्याच्या नावाने बोटं मोडली.

मग कळलं, 'तो' म्हणजे गावचा तलाव. यात चूक माझी नाही. आपण जन्मभर त्याला तळं म्हणत आलो. तळं भरलं, तळं आटलं, तळं नासलं. तुमच्या बायकांच्या गटाने काठावर 'गाव तलाव' अशी पाटी ठोकली आणि त्या दिवसापासून ते तळं तुझ्या तोंडी 'तो' झालं. किशोर सुटला, पण मी नाही सुटलो. बाईच्या वाट्याला असं कुणी आलं तर तिला सवत म्हणतात. पुरुषाच्या वाट्याला आलं तर काय म्हणायचं? मी दोन पाळ्या मशीनवर उभ्या उभ्या शब्द शोधला. आपल्या भाषेत नाहीच.

माणूस असता तर गचांडी धरली असती. पाण्याशी कसं भांडायचं? आणि होतं काय गं त्याच्यात? तू लग्न करून आलीस तेव्हा जलपर्णीखाली पाणी आहे हेसुद्धा कळत नव्हतं. लहानपणी आम्ही त्यात दगड टाकायचो तर आवाजही यायचा नाही. ढाब्याचं तेलकट पाणी ओहोळातून थेट आत, गाड्या तिथेच धुवायच्या, निर्माल्य तिथेच टाकायचं. कुणाला काही वाटायचं नाही, मलाही नाही. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरून वेली ओढायला लागलात तेव्हा मी म्हटलं होतं, चार दिवसांचं खूळ आहे. मग तुम्ही ढाब्यासमोर ठाण मांडून बसलात आणि मालकाला शोषखड्डा खणायला लावलात. कपडे धुण्यासाठी काठापासून लांब दगड टाकून घेतलेत. टेम्पो धुवायला आलेल्या माझ्या सख्ख्या चुलतभावाला, पंढरीला, तू भर उन्हात माघारी पाठवलंस. त्याने मला फोन करून विचारलं, तुझी बायको कोणाच्या बाजूची? मी काय सांगू?

आता रोज फोनवर मला काय ऐकायला मिळतं? पांढरी थाळी दोरीला बांधून पाण्यात सोडली, किती खोलवर दिसली. काल दोन हात, आज थोडी जास्त. परवा मला ताप होता. म्हणालीस, वाफ घ्या, आणि ऐका ना, आज खंड्या आला होता, मासा घेऊन गेला. माझा ताप किती हे तू विचारलंच नाहीस. मी फोन ठेवला आणि त्या खंड्यालाही शिव्या घातल्या.

गणपतीत मी म्हटलं होतं, कंपनीजवळ खोली बघतो, तू आणि वैष्णवी इकडे या. तू म्हणालीस, बघू. खोली मिळाली. स्वयंपाकघर वेगळं, नळाला दोन्ही वेळ पाणी. मी भिंतीला रंगही लावून घेतला. तुला कळवलं तेव्हा तू आज थाळी किती खोल दिसली तेच सांगायला लागलीस.

माधुरी, गेल्या शुक्रवारी मी आलो होतो. रजा टाकून, आळेफाट्याला गाडी बदलून, माळशेज उतरून. तुम्हा दोघींना घेऊनच परतायचं ठरवलं होतं. तलावाशी आलो तर तू पाण्यात, साडी खोचलेली, कोपरापर्यंत चिखल. लहानीमावशी काहीतरी बोलली आणि तू हसलीस, अशी की हातातली वेल सुटली. इतक्या वर्षांच्या संसारात मी तुझं ते हसू ऐकलेलं नाही. झाडाआड चोरासारखा उभा राहिलो आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला ते हसू हवं होतं. खोलीत आणून ठेवलं तर ते तिथे उगवणार नाही, हेही तिथेच उभ्या उभ्या कळलं. तुला हाक न मारता टोकावड्याच्या एसटी थांब्यावर परत आलो आणि मिळेल ती गाडी धरली.

खोली नको म्हणून घरमालकाला कळवलं आहे. महिनाअखेर इथलं काम सोडून मीच येतोय. तिकडे काय करेन ठाऊक नाही, आणि त्याच्यावरचा माझा राग काही गेलेला नाही. हे फोनवर सांगणार होतो. दोनदा नंबर लावला आणि ठेवला. कारण 'हॅलो' म्हटल्याबरोबर माझा उतरलेला आवाज ऐकून तू 'येते' म्हणाली असतीस, आणि माधुरी, मी तुला खरंच घेऊन गेलो असतो.

तुझाच, आणि अजून धुसफुसणारा,
हरेश