खांद्यावरची घोंगडी

हर्सूल कारागृह, छत्रपती संभाजीनगर
२० ऑक्टोबर २०२३

चि. सांडू यास खंडूदादाचे अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. करमाडला चराईच्या भांडणात मी त्या माणसाचा हात मोडला, तेव्हा तू मला मागं ओढत होतास. ऐकलं असतं तर आज इथं शिक्षा भोगत बसलो नसतो. राग आला की मला समोरचं दिसत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

कळप मल्हारीकडं सोपवला म्हणून तू फुगून बसलास असं कानावर आलं. अरे, तू सख्खा चुलतभाऊ, पण क्रांती चौकात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला बघून मेंढी पळते. मल्हारी माझा पाठचा भाऊ. त्याची शीळ मेंढरांना कळते.

आता एक काम कर. बिडकीनच्या रानात पाल पडलंय, तिथं सुकेशनीचा फोन लागत नाही. तुझ्या वहिनीला जाऊन निरोप दे. दिवाळीनंतर मल्हारी मेंढरांची लोकर कातरेल. कातरणी झाली की कातरणाऱ्याच्या खांद्यावर घरधन्यानं आपली घोंगडी टाकायची, ही आपल्या घरची रीत. यंदा मी नाही, तर माझी काळी घोंगडी तिनं टाकावी. झालं की मला कळव. आईचा गुडघा कसा आहे, पोरगी संस्कृती शाळा बुडवत नाही ना, तेही बघ.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा खंडूदादा


क्रांती चौक
२८ नोव्हेंबर २०२३

ती. खंडूदादांना सांडूचा सा. न. वि. वि.

बिडकीनला जाऊन आलो. काकू बरी आहे, गुडघा धरून चालते. संस्कृती नववीत पहिली येईल म्हणते, बापाचं डोकं तिनं नक्कीच घेतलेलं नाही. कातरणी मात्र यंदा लांबली. थंडी लवकर पडली म्हणून मल्हारीनं कात्रीला हात लावलेला नाही. मेंढरं लोकरीनं नुसती फुगलीत.

तुमची काळी घोंगडी तेवढी त्याच्या खांद्यावर दिसली. थंडीची घेतली असेल. वहिनीनंच दिली म्हणे. मी गेलो तेव्हा दोघं हसत होते, मला बघून गप्प झाले. संस्कृतीला हल्ली आजीच्या पालात झोपवतात. माझ्या मनात काही नाही दादा, तुम्हीही आणू नका. पत्रं तिथं वाचतात, म्हणून जास्त लिहीत नाही. रजा मिळाली तर आधी माझ्याकडं या, सरळ कळपावर जाऊ नका. तुमच्या रागाची मला लई धास्ती वाटते.

गरिबावर नजर असू द्या.
तुमचा सांडू


हर्सूल कारागृह
५ डिसेंबर २०२३

चि. सांडू यास आशीर्वाद.

तुझं पत्र इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. कातरणी नाही, मग घोंगडी कशी, एवढंच डोक्यात घण घालतंय. लग्नात तिच्याशेजारी मी त्याच घोंगडीवर बसलो होतो. भिंतीवर मुठी मारून बोटं सोलली, इथल्यांना सांगितलं पडलो म्हणून.

रजा मंजूर झाली. तुझ्याकडं येणार नाही. पाला छाटायची कुऱ्हाड पालाच्या मेढीलाच टांगतात ना अजून? आल्यावर बरंच छाटायचंय. पत्रं इथं वाचतात, म्हणून मीही जास्त लिहीत नाही.

तू तेवढा आपला राहिलास.
खंडूदादा


बिडकीन
५ जानेवारी २०२४

खंडेराव,

वर आशीर्वाद लिहायचा असतो. तो तोंडातून निघाला नाही. मला लिहिता येत नाही, म्हणून ही तुझी लेक लिहिते आहे. मी म्हटलं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेते, तर ती नाही म्हणाली.

तू आलास तेव्हा मल्हारी तुझ्या पाया पडायला वाकला होता. घाव त्याच्या मानेवर बसला. सुकेशनी तुझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन येत होती. तिनं तोच आडवा धरला. तांब्या चेपला, मग तिचा हात तुटला, मग डोकं. ती खाली पडल्यावरही तू थांबला नाहीस. माझ्या लुगड्यावर दोघांचं रक्त होतं आणि कुणाचं कुठलं ते मला कळत नव्हतं.

तू एकच ओरडत होतास, कातरणी झाली नाही तर घोंगडी कशी आली. मला तेव्हा काही उमगेना. तुझ्या खिशातलं सांडूचं पत्र पोलिसांनी वाचून दाखवलं तेव्हा कळलं. कातरणी दिवाळीनंतर लगेच झाली होती. सांडूच तुझा निरोप घेऊन आला होता, दादानं घोंगडी टाकायला सांगितली म्हणाला. सुकेशनीनं ती मल्हारीच्या खांद्यावर टाकली तेव्हा सांडू शेजारी बसून जेवत होता. पोरीला मी माझ्या पालात घेतलं, कारण माझा गुडघा रात्री धरतो आणि मला उठवायला कुणीतरी लागतं.

तेराव्यानंतर सांडू कळप मागायला आला. आता बाईमाणसानं काय मेंढरं राखायची म्हणाला. मी कुत्री सोडली. पिंढरीचा लचका निघाला तोवर मी त्यांना हाक मारली नाही. बाकीचं मी पोलिसांना सांगितलं आहे.

पण त्याच्यावर सगळं ढकलून तू मोकळा होऊ नकोस. तू आलास तेव्हा दिवस मावळायचा होता. मेंढरं वाघुरात, जाळीच्या आत, तुझ्यासमोर उभी होती, सगळीच्या सगळी कातरलेली, अंगावर मूठभर लोकर नाही. जन्म मेंढरांमागं घालवलास आणि त्या दिवशी एकदा तिकडं बघितलं नाहीस.

घोंगडी पोलिसांनी नेली. रजा मिळाली तरी इकडं येऊ नकोस. कुत्री आता तुलाही ओळखणार नाहीत.

मल्हारीची आई
बानाबाई