माझ्या भावाचे हात न्यायालयाला दिसावेत म्हणून

प्रति,
मा. अधीक्षक,
चिंचघाट जिल्हा कारागृह, नागपूर.

अर्जदार : प्रणाली बाबनराव सोमकुवर, वय ३४, रा. कोराडी.

विषय : माझा भाऊ, बंदी प्रशिक बाबनराव सोमकुवर, यास दि. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी अपिलाच्या सुनावणीस व्ही.सी.वर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) न दाखवता समक्ष हजर करण्याबाबत.

संदर्भ : माझा दि. ८ ऑगस्टचा अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा.

महोदय,

सविनय अर्ज करते की, प्रशिक जन्मापासून बहिरा व मुका आहे. तो शाळेत गेला नाही. त्याच्या खुणा आमच्या घरातच तयार झाल्या. त्या आमची आई मैनाबाई व मी, अशा दोघींनाच कळत. कोराडीत तो ट्रकचे टायर बदलण्याचे काम करीत असे.

१. दि. ६ मार्च रोजी शेजारच्या गोदामातून तांब्याची तार चोरीस गेली. मागून कोणी "थांब" म्हटले, तो चालत राहिला, म्हणून पळत होता असे ठरवून त्यास अटक झाली. आपल्या रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे "कमी बोलतो" एवढीच नोंद आहे.

२. अटकेनंतर त्यास एकदाही न्यायालयात आणले नाही. प्रत्येक तारखेस पडद्यावर फक्त त्याचा चेहरा दिसे. तो हात वर करी, आणि मागे उभा असलेला शिपाई ते खाली दाबी. दि. २१ जुलै रोजी "गुन्हा कबूल आहे काय?" असे विचारण्यात आले. त्याने मान हलवली. मी बाकावरून उठून ओरडले, "साहेब, त्याले आयकूच येत नाई!" पट्टेवाल्याने मला बाहेर काढले. विधी सेवेचे वकील त्या वेळी दुसऱ्या कोर्टात होते. कबुली नोंदवून त्यास दोन वर्षांची शिक्षा झाली.

३. समोरच्याचे ओठ हलले की प्रशिक मान हलवतो. लहानपणी पोरे त्याला मारत, तेव्हा आईनेच त्याला ते शिकवले होते. निकालाच्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, "म्याच शिकवलं वं त्याले." त्यानंतर तिने नीट अन्न घेतले नाही.

४. त्यास समक्ष आणावे असा अर्ज मी दि. ८ ऑगस्ट रोजी आपणांकडे दिला. तो पुढील शेऱ्यासह परत आला : "बंद्याने पुढील तारखेस स्वतः व्ही.सी.वर तोंडी मागणी करावी."

५. दि. ११ सप्टेंबर रोजी आई वारली. अंत्यविधीसाठी त्यास सोडण्याऐवजी व्हिडिओ कॉलवर दर्शन देण्याचे ठरले. मी मोबाइल आईच्या चेहऱ्याजवळ धरला. तिकडे आपल्या लिपिकाने निधनाची बातमी त्यास मोठ्याने वाचून दाखवली. सहा महिन्यांनी आई दिसली म्हणून माझा भाऊ हसला. ती झोपली आहे असे त्यास वाटले. मी मोबाइल दुसऱ्याच्या हाती देऊन खूण करणार, तोच लाइन बंद झाली. "अंत्यदर्शन दिले, बंदी शांत होता" अशी आपल्याकडे नोंद आहे.

६. आता दर शनिवारी मोबाइलवर मुलाखत मिळते. तो कानाची पाळी धरतो. ती आईची खूण आहे. चेहऱ्याजवळ असल्याने तेवढी दिसते. मी "बाजारात गेली" असे हाताने सांगते. असे सात शनिवार झाले. महोदय, खरे ते मी मोबाइलवरही सांगू शकते, माझे हात त्याला दिसतात. पण ते कळल्यावर त्याचे हात काय म्हणतील, ते मला दिसणार नाही. आणि त्याच्या शेजारी तेव्हा कोणीच नसेल.

७. तरी दि. १७ रोजी त्यास समक्ष आणावे, बेडी काढावी व मला त्याच्यासमोर उभे राहू द्यावे. आधी तार त्याने नेली काय, हे मी त्याला न्यायालयासमोर विचारीन आणि तो सांगेल ते जसेच्या तसे सांगेन. ते झाल्यावर बाहेरच्या व्हरांड्यात दहा मिनिटे द्यावीत. शिपाई शेजारी असला तरी चालेल. त्याच्या खुणा जाणणारी आता मी एकटीच उरले आहे.

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,
प्रणाली बाबनराव सोमकुवर
कोराडी, दि. २९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) प्रशिकचे अपंगत्व प्रमाणपत्र (शंभर टक्के)
२) आपल्या शेऱ्याची प्रत
३) आईच्या मृत्यूचा दाखला. हा कृपया बंद्यास वाचून दाखवू नये. मी सांगेन.