जोडीचा बोल्ट

प्रिय ओजस,

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंयस, म्हणून कागदावर लिहितोय. आणि मराठीत लिहितोय, कारण इंग्रजीत मी दुसऱ्या वाक्याला भांडायला लागतो, हे तुझंच निदान. माझं अक्षर नागपूरच्या पाचवीत जिथे थांबलं तिथेच आहे, तेवढं सांभाळून घे. तुझ्या ओठाचे टाके कधीच निघाले असतील. नोव्हेंबरात डॉर्मच्या पार्किंग लॉटमध्ये तू एवढंच म्हणाला होतास, "सोड ना यार, आश्लेषा परत नाही येणार." त्यावर मी तुला मारलं. मग पाच महिने मनातल्या मनात तुझ्याशी भांडत राहिलो, की याने बोलायचंच कशाला. आता तेही संपलंय. तू बरोबर होतास. दोन वर्षं एका खोलीत राहिलेल्या माणसाला, तो बरोबर आहे म्हणून मारायचं, हे फक्त मलाच जमतं.

तुला एक सांगितलं नव्हतं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी कॅलिफोर्नियात, आश्लेषाच्या घरी फ्रीमाँटला जाऊन आलो होतो. कुणालाही न सांगता. आश्लेषाने नोकरी लागल्यापासून फोन उचलणं बंद केलं होतं, आणि मला वाटलं, समोर उभा राहिलो की सगळं पूर्वीसारखं होईल. सकाळी आठला त्यांच्या टाउनहाउसची बेल वाजवली. दार तिच्या आईने, नीलाकाकूंनी उघडलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं रे. त्यांनी मला आत बसवलं, पोहे दिले, वर "लिंबू पिळू का अजून?" विचारलं आणि त्याच सुरात म्हणाल्या, "परतीची फ्लाइट कितीची आहे?" मी वन-वे तिकिटावर गेलो होतो. मग आश्लेषा खाली आली, ऑफिसचा बॅज गळ्यात. म्हणाली, "देवांग, मी तुला तीनदा नाही म्हटलंय. हळू बोलते म्हणून तुला ऐकू येत नाही का?" तिने स्वतःच माझं तिकीट काढलं, एअरपोर्टला सोडलं, आणि फ्रीवेवर पूर्ण वेळ दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरून बसली होती. ती मला घाबरली होती. हे मला मार्चमध्ये कळलं, टायरच्या दुकानात एक गाडी उचलताना, एकदम. तेव्हा फक्त वाटलं, ड्रायव्हिंग अजून कच्चं आहे हिचं.

हो, टायरच्या दुकानात काम करतो. तुला मारलं त्याच आठवड्यात कॉलेज सोडलं, ते तुला माहीत असेलच. मला कुणी काढलं नाही, मीच रागाने फॉर्म भरला आणि मिशिगनला, नोव्हायच्या घरी आलो. आई लोकांना सांगते, "देवांगने ब्रेक घेतलाय." मराठी मंडळाच्या संक्रांतीला तिने हे एवढ्या वेळा सांगितलं की शेवटी कुणीतरी काकू मला म्हणाल्या, ब्रेक संपला की सांग हं. बाबा काहीच बोलत नव्हते. तू बाबांना ओळखतोस. आयुष्यभर गाड्यांच्या सीटा तपासलेला माणूस. दोष दिसला की लाल टॅग लावायचा आणि पुढचा भाग उचलायचा. मला वाटायचं, मलाही तसा टॅग लागलाय.

तर रायफल. आपली लिस्ट मी फेकली नव्हती. सप्टेंबरमधल्या त्या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या मॅचला आपण दोघं एकाच रायफलवर उतरणार होतो, तू वारा सांगणार आणि मी नेम धरणार, ती लिस्ट. जानेवारीत एका रविवारी आश्लेषाच्या साखरपुड्याचे फोटो कुणाच्या तरी फोनवर पाहिले, आणि त्याच दुपारी अर्धी लिस्ट ऑर्डर केली. तू असतास तर हातातून लॅपटॉप ओढून घेतला असतास. छोट्या फ्रेमच्या रायफलचे भाग कुणाचेही कुणाला बसतात, पण मोठ्या फ्रेमला धड एक स्टँडर्ड नाही, आधी भागांचं कुटुंब ठरव आणि मगच खरेदी कर, हे तू मला शंभरदा सांगितलं होतंस. मी वरचा भाग एकाचा घेतला, खालचा दुसऱ्याचा, बोल्ट तिसऱ्याचा. खालच्या भागावर नंबर असतो, कायद्याने तोच भाग म्हणजे रायफल, म्हणून त्याचं पोलिसांकडचं लायसन्स, दुकानातला फॉर्म, सगळं रीतसर केलं. फॉर्मवर मला खूप काही विचारलं. मी खरी उत्तरं दिली. झोप लागते का, असं कुठेच नव्हतं. दुकानदार म्हणाला, हॅव फन.

काहीही कशात बसेना. वरचा आणि खालचा भाग जोडला तर मागे फट. नळी आणि बोल्ट एकत्र केले तर मापाचे गेज पास होईनात, गो आत जायला हवा आणि नो-गो जायला नको. मी बेसमेंटमध्ये तो बोल्ट भिंतीवर फेकून मारला, आवाज ऐकून बाबा खाली आले. मला वाटलं आता होणार जे व्हायचं ते. बाबांनी जमिनीवरून बोल्ट उचलला, शर्टाला पुसला, उजेडात धरला. मग टेबलावरचे गेज बघितले आणि म्हणाले, "गो आत जातो. नो-गो पण आत जातो. म्हणजे रिजेक्ट. यात रागावण्यासारखं काय आहे? पार्ट बदल." आणि वर जाऊन स्वतःचा कॅलिपर घेऊन आले.

ओजस, तेव्हापासून दोन महिने माझे बाबा रोज ऑफिसमधून येऊन, चहा घेऊन, बेसमेंटमध्ये बसायचे. कॉलेज सोडल्यावर पहिल्यांदा माझ्याशी बोलत होते, आणि बोलायचे फक्त इंचाच्या थाउजंडथ्समध्ये. त्यांनी आपल्या लिस्टची स्प्रेडशीट केली. कुठला भाग कुठल्या घराण्याचा, कशाला काय चालतं, काय चालत नाही, सगळं रंगवून. आईला समजावून सांगायचे, "शैलजा, ही नळी, आणि बोल्ट म्हणजे तिचं मागचं दार. दार आणि चौकट एकाच सुताराची हवी." आई म्हणायची, "बंदूकच मिळाली का रे तुम्हाला बापलेकांना? लोकांची मुलं गिटार शिकतात." पण हसायची. घरात माणसं हसत होती. एकदा जिना चढताना मी त्यांना आईला सांगताना ऐकलं, "पोरगा रुळावर येतोय गं. बारकाईने काम करतोय." मी जिन्यावरच बसलो. मला वर जाऊन सांगायचं होतं की बाबा, मी रुळावर नाहीये. तुम्ही पार्ट तपासताय, मला तपासा. पण त्यांचा आवाज इतका खूश होता की माझं तोंड उघडलंच नाही.

परवा शनिवारी माझा वाढदिवस झाला. बावीस. बाबांनी गिफ्ट रॅपमध्ये एक लांब खोका दिला. नळी आणि तिच्याशी कारखान्यातच जुळवून दिलेला बोल्ट, दोघांवर एकच नंबर कोरलेला. त्यांनी स्वतः फोन करकरून शोधला होता. दुपारी आम्ही जोडणी केली. गो आत गेला, बोल्ट बंद झाला. नो-गोवर बंद झाला नाही. बाबांनी टाळी वाजवली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "पास." आई शिऱ्याच्या वाट्या घेऊन खाली आली. आणि मी त्या रायफलकडे बघत होतो, सगळं अगदी फिट, फट नाही, खडखड नाही, आणि माझ्या मनात मॅच आली नाही. हजार यार्डांवरचा निशाण्याचा कागद आला नाही. आश्लेषाही नाही, शपथ घेऊन सांगतो, तिच्या केसालाही धक्का लावायचं माझ्या मनात कधी आलं नाही. मनात आलो फक्त मी. आणि त्या विचाराने मला भीती वाटायला हवी होती, पण बरं वाटलं. बस प्रवास संपवून घराजवळ वळते तेव्हा वाटतं तसं. शिरा खाल्ला. दुसऱ्यांदा मागून घेतला. त्यांना वाटलं, आवडला.

काल दिवसभर तेच बरं वाटणं घेऊन फिरलो, आणि संध्याकाळी पहिल्यांदा घाबरलो. म्हणून हे पत्र. उद्या पोहोचणाऱ्या कुरियरने पत्रासोबत जो खोका पाठवतोय त्यात, माझ्या मोज्यात गुंडाळलेला, तो जोडीचा बोल्ट आहे. त्याच्याशिवाय ती रायफल उडत नाही, आणि त्याच्या जागी दुसरा कुठला आता बसणार नाही, बाबांनी तेवढी काळजी घेतली आहे. गोळ्या मी अजून आणलेल्या नाहीत. हा तुझ्याकडे ठेव, नाहीतर नदीत टाक. मी स्वतःला ओळखतो, आठवड्याभरात माझं डोकं फिरेल, मी दुसऱ्याच्या फोनवरून तुला शिव्या घालीन, तुझ्या दारात येऊन उभा राहीन. तरी देऊ नकोस. हवं तर मार मला, हिशोब फिटेल. आणि एक काम कर, हे वाचून झाल्याबरोबर. मला नाही, बाबांना फोन कर. नंबर मागे लिहिलाय, सहानंतर ते उचलतात. मी त्यांच्यासमोर तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा नळी किती आवळायची त्या टॉर्कबद्दल बोललो. तू सांग त्यांना की तुमच्या पोराला डॉक्टरकडे न्या, आजच, आणि तो ठीक आहे म्हणाला तर ऐकू नका. तुझ्या आवाजात सांग, न ओरडता. मी वर स्वयंपाकघरातच बसलेला असेन, फोन वाजेपर्यंत.

अजूनही तुझाच म्हणवून घेणारा,
देवांग