फेस येणारं औषध

आबा, तुमच्या पायाच्या जखमेत काय चाललं होतं ते आता मला नीट कळतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत आपली मेंढरं आष्ट्याजवळच्या एका रानात बसली होती. तुमच्या टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, त्यात अंगात साखर. मी सांगलीच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकत होते, दुसऱ्याच वर्षाला, पण तोरा असा की जंतूंनी मला विचारूनच जगावं. लोकर कातरताना मेंढीला कात्री लागली तर तुम्ही हळद दाबायचे आणि दहा दिवस जखमेला हात लावू द्यायचे नाहीत. मला हसू यायचं. मी फेस येणारं औषध आणलं आणि रोज दोनदा खपली काढून तुमची जखम खसाखसा चोळली. ती फसफसली की वाटायचं, मेले सगळे. "आज ऱ्हाऊ दे गं बाय, लय झोंबतंय," तुम्ही म्हणायचे. "झोंबतंय म्हणजे लागू पडतंय," असं मी म्हटलं की तुम्ही मुकाट्यानं पाय पुढे करायचे. लेक शिकलेली ना.

आता मी हेच शिकवते. कातडीतल्या पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे सोडतात, त्यांना पेप्टाइड म्हणतात. ते जंतू मारतातच, शिवाय रक्तातल्या पांढऱ्या पेशींना जखमेकडे बोलावतात, आणि काम उरकलं की त्यांना आवरतातही, नाहीतर त्या आपलंच मांस नासवतात. साखरेच्या माणसाच्या जखमेत ते आधीच कमी पडतात. जे थोडंफार जमत होतं, ते कोवळ्या मांसासकट मी रोज खरवडत होते. आमच्या प्रयोगशाळेत तसलं एक पेप्टाइड बनवलंय. काचेच्या बशीत झकास चालतं, खऱ्या जखमेच्या पुवात घातलं की तुटून जातं. त्यातून आता काही निघेल असं मला वाटत नाही. चोळलं नसतं तर तुमचा पाय वाचला असता का, हेही कुणी सांगू शकत नाही. मीसुद्धा नाही.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टर चिडले, "हे कुणी चोळलंय? कसली अडाणी माणसं!" बाटली माझ्या पिशवीत होती आणि मी तुमच्या उशाशी उभी होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्याच की सायेब. लेक नगं म्हनत हुती. मेंढरामागचा मानूस, आमास्नी काय कळतंय?" पाय काढला, आणि महिन्याभरात तुम्हीही गेलात. मी तोंड उघडलं नाही. आईलाही कधी सांगितलं नाही.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? वहीतच राहील. पण एक सांगायचं होतं. दरवर्षी या धड्याला मी मुलांना एक उदाहरण देते, आज सकाळीही दिलं. एका अडाणी मेंढपाळानं औषध चोळून चोळून स्वतःचा पाय घालवला, असं सांगते. मुलं ते लिहून घेतात.