चाचणी, पुसू नये

मी, या कागदाच्या प्रत्येक पानावर सही करणारी, वय एकोणसत्तर, अविवाहित, धंदा कवळ्या बनवणे, असे लिहून ठेवते की माझी शुद्ध जागेवर आहे, हात थरथरत नाही आणि हे लिहायला मला कोणी बसवलेले नाही. मला कोणी कशालाही बसवू शकले असते तर घरच्यांचे आयुष्य बरेच सोपे गेले असते. छातीचा फोटो पाहून डॉक्टर जे बोलले ते मला समजले आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. सिनेमे केले आहेत, चार. ते कुठेही न शिकता, स्वतःच्या कमाईत, रविवारी सुट्टी असते म्हणून रविवारी केले आहेत.

वकीलबाईंनी दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात माझे सगळे आले होते, फक्त माझा राग आला नव्हता. म्हणून हा नवा कागद मी माझ्या हाताने लिहीत आहे.

१. पहिल्या मजल्यावरची जागा, म्हणजे पुढची कार्यशाळा आणि मागची राहती खोली, माझ्या पश्चात माझ्या धाकट्या भावाची. मात्र पुढच्या खोलीत माझी मदतनीस तिला वाटेल तोवर काम करत राहील व तिला कोणी उठवणार नाही. भाऊ उठवणार नाहीच, तो स्वतःच्या घरातल्या मांजरालाही उठवत नाही. हे भावजयीसाठी लिहिले आहे.

२. प्लास्टर, मेण, साचे, पॉलिशचे यंत्र आणि बँकेतली ठेव मदतनीसला. मी तिला चारही सिनेमांत काम देऊ केले. चारही वेळा ती म्हणाली, "ताई, मला कामं आहेत." माझ्या ओळखीत इतकी शहाणी बाई दुसरी नाही.

३. सिनेमाचे सामान पुढीलप्रमाणे: लग्नाच्या फोटोग्राफरकडून घेतलेला जुना व्हिडिओ कॅमेरा. दाताच्या डॉक्टरांनी भंगारात काढलेल्या खुर्चीचा दिवा, जो हवा तसा वळतो. त्याच खुर्चीसोबतचे चाकांचे स्टूल, ज्यावर मी कॅमेरा घेऊन बसायची आणि कोणीतरी मला ढकलायचे. एक चाक आवाज करते. त्याला आम्ही दर शॉटआधी मेण लावत असू. कवळीचे मेण, दुसरे काही जवळ नव्हते.

हे सामान कोणाला द्यायचे ते वरच्या मजल्यावरची शिवणवाली ठरवेल. चारही सिनेमांचा आवाज तिने पडद्याच्या दांडीला माइक बांधून घेतला आहे आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करेल. अट एकच. मागायला येणाऱ्याने आधी एक सिनेमा पुरा केलेला असावा, मग तो कशावरही केलेला असो, कितीही वाईट असो. माझ्याकडे आजवर पुष्कळ जण आले. कोणता कॅमेरा घेऊ, कोणती लेन्स बरी, आधी कोर्स करू की आधी नोकरी सोडू. मी प्रत्येकाला चहा दिला आणि विचारले, काय दाखवायचे आहे? बहुतेकांनी चहा संपवला आणि ते निघून गेले. अशांना स्टूलसुद्धा देऊ नये. बसून राहतील.

४. माझ्या चुलत बहिणीला मोठा आरसा. दुसऱ्या सिनेमात तिने शेजारणीचे काम केले आणि दर शॉटला ती न चुकता कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मी म्हटले, "अगं, समोरच्या बाईशी बोलतेयस ना तू?" तर म्हणाली, "तिला रोजच बघते." आता निवांत बघावे.

५. सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेबद्दल.

चोविसाव्या वर्षी मी तिथे मुलाखतीला गेले होते. तेव्हा वडील होते आणि मी त्यांच्या हाताखाली कवळ्या घासत होते. लांब टेबलापलीकडे तिघे बसलेले. मधल्या गृहस्थांनी विचारले, "सिनेमातून तुम्हाला नेमकं काय सांगायचंय?" बोलताना दर दोन शब्दांनी त्यांची वरची कवळी सुटत होती आणि जिभेने ते ती परत वर ढकलत होते. मला दुसरे काही दिसेना. मी म्हटले, "तुमची वरची कवळी सैल झालीय. दोन दिवसांत नीट करून देईन." उरलेले दोघे खिडकीबाहेर बघायला लागले.

चौथ्या दिवशी ते गृहस्थ कवळी रुमालात गुंडाळून आमच्या जिन्यात उभे होते. मी ती नीट बसवून दिली. आठवड्याने संस्थेचे पत्र आले, की उमेदवारास दृश्यमाध्यमाची जाण नाही. वडील ते पत्र वाचून इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी हसले नाही. मला त्या संस्थेत खरोखर जायचे होते, हे आज लिहून टाकते. पुढे तिला जेवढी नावे ठेवली तेवढी त्यापायीच ठेवली. पण ती खोटी होती असे नव्हे.

हल्ली तिथे जे प्राध्यापक आहेत ते त्या गृहस्थांचे विद्यार्थी. यांचे दात स्वतःचे आहेत. बाकी काही स्वतःचे असेल असे त्यांच्या लिखाणावरून वाटत नाही. त्यांना माझ्या तिसऱ्या सिनेमाच्या मूळ टेपा हव्या आहेत. थंड खोलीत ठेवणार म्हणतात. त्यांना त्या मिळाव्यात की नाही, हे सातव्या कलमात.

६. तिसऱ्या सिनेमाचे नाव 'माप'. कवळ्या घरोघर पोचवणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. दार उघडते, लोक त्याच्यासमोर कवळी लावून बघतात आणि लावली की खोटे बोलायला लागतात. एवढेच. त्या माणसाचे काम माझ्या धाकट्या भावाने केले. त्याला तेव्हा जाड, काळीभोर मिशी होती.

बावन्न मिनिटांच्या या सिनेमात त्या माणसाचा चेहरा एकदाही दिसत नाही. तो जिने चढतो, दारे ठोठावतो, पिशवी या हातातून त्या हातात घेतो, सगळे पाठमोरे. शेवटच्या शॉटमध्ये तो एका बंद दारापुढे उभा राहतो, दार उघडायला लागते आणि सिनेमा संपतो. यावर प्राध्यापकांनी 'चेहरा नाकारलेला पुरुष' या नावाचा लांबलचक लेख लिहिला. त्याचे पुढे पुस्तक झाले, पुस्तकाचा अभ्यासक्रम झाला. संस्थेतून दरवर्षी पाठमोऱ्या माणसांचे चार-पाच सिनेमे बाहेर पडतात. मी दोन पाहिले. पाठींनाही कंटाळा आलेला दिसत होता.

एकदा त्यांनी फोनवर मला विचारले, "पुरुषाला चेहरा नाकारायचा निर्णय तुम्ही केव्हा घेतलात?"

मी म्हटले, "रविवारी सकाळी, पावणेदहाला."

ते म्हणाले, "एक मिनिट हं, लिहून घेतो."

तेव्हा आता सगळेच लिहून घ्यावे. आठ रविवार माझ्या भावाचा चेहरा मी रीतसर टिपला होता. नवव्या रविवारी तो मिशी काढून आला. आधीच्या शॉटमध्ये मिशी, नंतरच्यात नाही, असा माणूस जिना चढताना दाखवता येत नाही. म्हणून मी कॅमेरा त्याच्या मागे नेला. यात विचार नव्हता, संताप होता. आठ रविवारांचे चेहऱ्याचे शॉट होते त्याच टेपांवर मी पाठीचे शॉट घेतले, म्हणजे खालचा चेहरा पुसला गेला. नव्या टेपा नव्हत्या, असे मी सगळ्यांना सांगितले. नव्या टेपा कपाटात होत्या, शिवणवालीला माहीत आहे. ती तेव्हा काही बोलली नाही आणि नंतरही बोलली नाही.

भावाने उरलेले अकरा रविवार मला पाठ दिली. मी सांगेन तिथे उभा राहिला, सांगेन तेवढ्या पायऱ्या चढला. सिनेमा मात्र त्याने आजतागायत पाहिलेला नाही. मिशीही परत ठेवली नाही. दर रविवारी तो येतो, बाहेरच्या बाकावर पेपर वाचतो, दोनचार वाक्ये बोलतो आणि जातो. एकतीस वर्षे झाली, आमच्यात सिनेमाचा विषय निघत नाही.

त्याने मिशी का काढली, असे मला लोक विचारतात. मी सांगते, गाढव आहे म्हणून. ते खरे नाही. आठव्या रविवारी एक शॉट त्याला सहा वेळा जमला नाही. तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटले, "तुझ्या चेहऱ्यात मिशी सोडली तर आहे काय? तिच्यासाठी घेतलंय तुला." सगळे हसले. तोही हसला.

७. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, मेणाच्या डब्याच्या मागे एक टेप आहे. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिले आहे: चाचणी, पुसू नये.

नवव्या रविवारी मी कार्यशाळेच्या आतून दारावर कॅमेरा लावून दिवा जुळवत होते आणि टेप चालू होती. दार उघडते. भाऊ दारात उभा राहतो. वरचा ओठ कापल्यासारखा लाल, तिथली कातडी चेहऱ्यापेक्षा गोरी. मग हसू दाबत म्हणतो, "ताई, आता बघ. आहे का काही?"

आहे. मी चाळीस वर्षांहून जास्त काळ माणसांच्या तोंडांची मापे घेतली आहेत आणि इतका उघडा चेहरा माझ्यासमोर दुसरा आलेला नाही. तो घाबरलेला आहे, खूश आहे, आणि उत्तराची वाट बघतो आहे. माझ्या चार सिनेमांत मिळून इतके चांगले काही नाही. आणि त्यावर टेपेत माझा आवाज येतो, "वाटोळं केलंस." तो हसायचा थांबतो. पण नजर काढत नाही. मग मी कॅमेरा बंद केला. सगळे मिळून चाळीस सेकंद.

हे मला त्याच आठवड्यात, टेप बघताना कळले. तरी मी गप्प राहिले आणि वर लोकांकडून पाठीसाठी शाबासकी घेत राहिले. प्राध्यापकांना मी या कागदात पुष्कळ बोलले आहे. त्यांनी फक्त मूर्खपणा केला. माझ्याइतका नीचपणा त्यांच्या हातून झालेला नाही.

म्हणून माझी इच्छा अशी. ही टेप माझ्या पश्चात भावाला द्यावी. त्याने परवानगी दिली तर शिवणवालीने हे चाळीस सेकंद 'माप'च्या शेवटी जोडावेत. शेवटच्या शॉटमध्ये दार उघडायला लागते, त्याला लागूनच हे आतून उघडणारे दार बसेल. माझा आवाज काढू नये. अशा जोडलेल्या सिनेमासह संस्थेने टेपा नेल्या तर न्याव्यात. प्राध्यापकांच्या अभ्यासक्रमाचे काय होईल, ते त्यांनी बघावे. भावाने नको म्हटले तर कोणाला काहीच देऊ नये.

हे जिवंतपणीच का देत नाही, असे वकीलबाईंनी विचारले. मी त्यांना कागदावरच्या तारखेबद्दल काहीतरी विचारून विषय बदलला.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत खाली सही केली. त्यांनीही माझ्या व एकमेकांच्या देखत सह्या केल्या.

स्थळ: माझी कार्यशाळा, मागची खोली
दिनांक: ३ मार्च २०२४, रविवार

लिहून देणार: (सही) कवळीवाली

साक्षीदार:
१. (सही) दाताचे डॉक्टर, ज्यांच्या भंगारावर माझे सिनेमे झाले
२. (सही) कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले, 'माप'मध्ये तिसरे दार उघडणारे

दुरुस्ती, त्याच दिवशी, तासाभराने

साक्षीदार सह्या करून जिना उतरत होते. बाहेरच्या बाकावर भाऊ पेपर वाचत बसला होता. त्याने पेपर खाली न घेता विचारले, "मृत्युपत्र केलंस?"

"हो."

"साक्षीला इस्त्रीवाले चालले. मी नाही चाललो."

मी म्हटले, "अरे, ज्याला काही द्यायचंय त्याची साक्ष चालत नाही. वकीलबाई म्हणाल्या."

"तुझ्या कुठल्या कामात मी चालतो, ताई?" असे म्हणून त्याने पान उलटले. मग विचारले, "मला काय देतेयस?"

जागा, असे मी म्हणू शकले असते आणि ते खोटेही झाले नसते. मी आत गेले, मेणाचा डबा बाजूला केला आणि टेप आणली. जुन्या कॅमेऱ्यातच लावली. दोघांनी त्याच्या बोटभर पडद्यात डोके घालून पाहिली. त्याने मागे नेऊन परत पाहिली. बराच वेळ वरच्या ओठावरून बोट फिरवत राहिला.

मग म्हणाला, "दिवा फार जवळ लावलास."

मी म्हटले, "हो."

"आणि केवढ्यानं ओरडलीस."

"काढायला सांगू का तेवढं?"

मी टेप काढून त्याच्या हातात दिली, त्याने ती खिशात ठेवली. मी साक्षीदारांना खिडकीतून हाक मारून परत वर बोलावले. हे लिहीत असताना तो समोर बसला आहे, त्यालाच विचारून लिहिते.

कलम ७ मधील टेप आता माझ्या मालकीची नसल्याने ती देण्यापुरते ते कलम रद्द समजावे. जोडायचे असेल तर जोड, असे मालकाचे म्हणणे आहे. माझ्या आवाजाबद्दल त्याला पुन्हा विचारले. तो म्हणाला, "राहू दे. तूच आहेस ती."

(सही) लिहून देणार
(सही) दाताचे डॉक्टर
(सही) इस्त्रीवाले